त्सुकुबातलं माहेर

गर्भवती स्त्रीला दारातून परत पाठवणारं घर जगातल्या कुठल्याच जुन्या संस्कृतीत सापडत नाही.

हे वाक्य माझं आहे. गेल्या नोव्हेंबरमध्ये त्सुकुबातल्या एका बालवाडीच्या हॉलमध्ये, पाच वर्षांच्या मुलांसाठी बनवलेल्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसलो असताना मी ते म्हणालो. समोर मुलांच्या काही आया देवदूतांचे पंख शिवत होत्या. त्यांनी सुया थांबवून माना डोलावल्या. वाक्य जपानीतसुद्धा बरं वाटलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मी सख्ख्या बहिणीला बाळंतपणासाठी घरी येऊ दिलं नव्हतं. ती गोष्ट त्या वाक्यात बसत नव्हती, म्हणून मी ती घातली नाही.

माझी मुलगी जिथे जाते ती बालवाडी एका चर्चची आहे. तिथे येणाऱ्या मुलांपैकी फारच थोडी ख्रिस्ती असतील, पण दर डिसेंबरला नाताळचं नाटक होतं आणि ते अतिशय गांभीर्याने होतं. मोठ्या गटातल्या प्रत्येक मुलाला भूमिका मिळते. नाटकात तीन धर्मशाळा असतात. दिवस भरलेली बाई आणि तिचा नवरा पहिल्या दारावर थाप मारतात, जागा नाही. दुसऱ्या दारावर थाप मारतात, जागा नाही. तिसरा मालक म्हणतो की खोली नाही, पण गोठा आहे. माझ्या मुलीला पहिल्या धर्मशाळेची मालकीण करण्यात आलं होतं. तिला एकच वाक्य होतं, 'ओहेया वा आरिमासेन', म्हणजे खोली नाही. भूमिका मिळाल्या दिवशी ती उड्या मारत घरी आली.

मला वाचनाची खोड आहे आणि वाचलेलं आपल्यापाशी ठेवण्याची नाही. मी मातीवर संशोधन करणाऱ्या संस्थेत काम करतो, पण मातीविषयी मला कुणी काही विचारत नाही, त्यामुळे बाकीच्या विषयांवर बोलायला वेळ उरतो. मुलीला आणायला गेलो तेव्हा मी मुख्याध्यापिकाबाईंना सहज म्हणालो की मूळ गोष्टीत धर्मशाळेचा मालक नाहीच. गाढवही नाही. त्या सत्तरीच्या आहेत, बारीक, ताठ, कायम राखाडी कार्डिगन घालतात. सगळे त्यांना एन्चो-सेन्सेई म्हणतात. त्यांनी खाली वाकून माझे आभार मानले आणि पुढच्या बुधवारी शिवणकामाला बसणाऱ्या आयांना हे सगळं थोडक्यात सांगाल का, असं विचारलं. जपानमध्ये शहाणपणा करणाऱ्या माणसाला अशी शिक्षा असते. त्याला तो पूर्ण करावा लागतो.

तर मी पूर्ण केला. म्हणालो, त्या काळच्या ज्यू घरांत बाळंतपण ही सगळ्या बायकांची कामगिरी असे. सुईण असे, शेजारणी असत, आई नाहीतर मावशी असे. बाई विटांवर किंवा खास स्टुलावर बसून बाळंत होई. बाळाला धुऊन, अंगाला मीठ चोळून, पट्ट्यांत घट्ट गुंडाळत. मुलगा झाला तर चाळीस दिवस आणि मुलगी झाली तर त्याच्या दुप्पट दिवस आईने देवळापासून लांब राहायचं. मग देवळात जाऊन अर्पण करायचं, श्रीमंताने कोकरू, गरिबाने पारव्यांची जोडी. आणि प्रवास? गरोदर बाईचा प्रवास होई तो बहुधा नातलगांकडे. नाटकातली हीच आई पोटुशी राहिल्याबरोबर डोंगरातल्या एका वयस्कर नातलग बाईकडे गेली आणि तिथे तीनेक महिने राहिली. प्रवासात घात होत नसे असं नाही. एका जुन्या कुलपित्याची लाडकी बायको नाटकातल्या याच गावाच्या वाटेवर बाळंत झाली, वाटेतच गेली आणि वाटेच्या कडेलाच तिला पुरलं. म्हणून तर बाई आपल्या माणसांत पोचणं महत्त्वाचं. ज्या गावात नवऱ्याचं मूळ घराणं आहे त्या गावात तिला परक्या दारांवर हिंडावं लागेल हे पटत नाही. पाहुण्यांची खोली भरली असेल तर घरातल्या घरात, जनावरं बांधतात त्या बाजूला, ऊब असते तिथे जागा केली असेल. आणि मग मी ते वाक्य म्हणालो.

आया 'हेऽऽ' म्हणाल्या. जपानी 'हेऽऽ'ला खोली असते, त्यात काहीही मावतं. एन्चो-सेन्सेईंनी मात्र पंखाचा दोरा दाताने तोडला आणि विचारलं, "मग जागा नाही, असं कोण म्हणालं?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "ते नंतर कुणीतरी घातलं."

"असं," त्या म्हणाल्या. "कुणालातरी ते वाक्य ओळखीचं असेल."

मी सायकलवरून घरी आलो. वाटेत गिंकोची पिवळी पानं पडली होती, सुंदर वगैरे. मला ऑगस्ट आठवत होता.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ती आणि तिचा नवरा दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, राहतात तोक्योच्या पूर्व अंगाला, ओजिमात. तिथल्या सरकारी वसाहतीच्या जुन्या इमारतीतली लिफ्ट एकाआड एक मजल्यावर थांबते आणि यांचा मजला तो न थांबणारा. ऑगस्टमध्ये तिला पाचवा महिना होता. तिचा फोन आला तेव्हा मी लेख तपासत होतो.

"दादा, एक विचारायचं होतं."

"विचार."

"आईचं गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरात ठरलंय. ती येऊ शकत नाही आणि मी अलिबागला जाऊन करू काय? तीच वॉकर घेऊन. शिवाय मला रजा मिळेपर्यंत विमानवाले घेणार नाहीत. इथे आमचा रिलीज जानेवारीत, म्हणजे हा रात्री अकराला घरी येणार. तर म्हटलं, तुझ्याकडेच येऊ का? म्हणजे, माहेर म्हणून. इथल्या बायकापण करतात ना, सातोगाएरी."

सातोगाएरी म्हणजे बाळंतपणाला माहेरी जाणं. जपान्यांकडे हा शब्द आहे, प्रथा आहे, त्यासाठी दवाखान्यांत वेगळी नोंदणी आहे. जगाच्या दोन टोकांना बसून दोन समाजांनी एकच गोष्ट शोधून काढली की बाळंतिणीला सासूपेक्षा आई बरी. मी या साम्यावर तिला थोडं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"हो, पण येऊ का?"

"ये की," मी म्हणालो. "फक्त ती उत्तरेकडची खोली तुला माहितेय. पुस्तकांनी भरलीये. शिवाय तिथे एसी नाही, हीटर नाही, जानेवारीत गारठते. ओल येते भिंतीला. तान्ह्या बाळाला बरं नाही. बघू आपण."

मराठीत कुणी नाही म्हणत नाही. बघू म्हणतं. बघू म्हटल्यावर कुणी काही बघत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. माझी बहीण अलिबागेत वाढलेली आहे. ती म्हणाली, "हो, बघू." मग काही वेळ हवापाण्याचं बोलून झालं. ठेवताना ती हसून म्हणाली, "दादा, आपल्या शेजारच्या काकूंचा मलिदा आठवतो का रे? सारखा खावासा वाटतोय. डोहाळे बघ काय लागलेत."

आमच्या शेजारी एक ज्यू कुटुंब राहत असे, बेने इस्राएल. आमच्यासारखंच मराठी बोलणारं, फक्त शनिवारी चूल न पेटवणारं. त्या काकूंची मुलगी मुंबईहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा काकूंनी त्यांच्या संदेष्ट्याला बोललेला नवस फेडला होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी. मोठी परात भरून. बशी आमच्याकडेही आली आणि माझ्या बहिणीने माझ्या वाटचाही खाल्ला. डोहाळे लागलेली बाई हे सांगते तेव्हा माणसाने काय करावं? पोहे भिजवावेत. मी तिला हा समाज कोकणात कसा आला असावा याविषयीची मतमतांतरं सांगितली.

खोलीविषयी मी सांगितलं ते सगळं खरं होतं. खोली सहा ताताम्यांची, म्हणजे सहा चटया मावतील एवढी, उत्तरेला, हीटर नाही. न सांगितलेलं इतकंच की त्या खोलीत मला बसायला आवडतं. दुसरी गोष्ट मी तेव्हा स्वतःलाही सांगितली नाही. माझी मुलगी झाली तेव्हा व्हिसाच्या घोळामुळे माझी आई वेळेवर पोचली नव्हती आणि सासूबाईंना विमानाची भीती. तेव्हा ही बहीण, नुकती नोकरीला लागलेली, रजा काढून आमच्याकडे महिनाभर राहिली होती. फेब्रुवारी होता. माझ्या बायकोला अळिवाची खीर करून घालणं, बाळाला टाळू भरून न्हाऊ घालणं, माझे डबे, सगळं तिने केलं. झोपली कुठे? त्याच खोलीत. तेव्हा तिथे पुस्तकं कमी होती.

बायकोला मी फोनबद्दल बोललो नाही. विसरलो म्हणालो असतो, पण विसरलो नव्हतो.

नोव्हेंबरच्या शेवटी मुलीची तालीम जोरात आली. ती कपाटाला दार समजून मागे उभी राही आणि आम्ही थाप मारायची. एका रविवारी ओजिमाचा व्हिडिओ कॉल आला तर तिने फोनच हातात घेतला.

"आत्या, तू दार वाजव."

"कसं वाजवू गं इथून?"

"तोंडाने."

"टक टक," बहीण म्हणाली. पडद्यावर तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, मागे वाळत घातलेले कपडे. "अहो मालकीणबाई, माझे दिवस भरत आलेत. राहायला जागा मिळेल का?"

माझी मुलगी हात पुढे करून, मान हलवून, खणखणीत म्हणाली, "ओहेया वा आरिमासेन."

बहीण हसत सुटली. हसता हसता पोट धरलं. "किती छान म्हणतेस गं. बाबांनी शिकवलं?"

"नाही, सेन्सेईनी," मुलगी म्हणाली.

"बाबांना पण येतं ते. त्यांना विचार. ते मराठीत म्हणतात."

मी त्याच वेळी स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला गेलो. कॉल संपल्यावर बायको दारात येऊन उभी राहिली.

"काय प्रकार आहे?"

मी सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं. ती मूळची नागपूरची, तिच्याकडे लोक नाही म्हणायचं असलं तर नाही म्हणतात.

"तिने विचारलं होतं. ऑगस्टमध्ये. आणि तू बघू म्हणालास."

"मी ये म्हणालो. मग बघू म्हणालो."

"आणि पाच महिने काय बघितलं?"

"चारच झालेत."

"तिने माझं पोट शेकलं आहे," बायको म्हणाली. "माझी आईसुद्धा आली नव्हती. तू बुधवारी त्या बायकांना काय सांगून आलास ते तिकडच्या एकीने मला सुपरमार्केटमध्ये थांबवून सांगितलं. म्हणाली, तुमचे मिस्टर किती छान बोलले, तुमच्या देशात गरोदर बाईचा किती मान. मी म्हटलं, हो."

ती एवढं बोलून गेली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्सुकुबातल्या दवाखान्यांना फोन लावले. मला वाटत होतं की पश्चात्ताप झाला म्हणजे निम्मं काम झालं. पहिल्या ठिकाणच्या मुलीने तारीख विचारली, मग अत्यंत मृदू आवाजात म्हणाली की सातोगाएरीची नोंदणी सुरुवातीच्या महिन्यांतच करावी लागते आणि जानेवारी केव्हाच भरला आहे. दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिसरीने निदान श्वास आत ओढला, म्हणजे तिला माझी कीव आली. गोठा आहे असं कुणी म्हणालं नाही. मी ऑगस्टमध्ये एक फोन केला असता तर झालं असतं, हे त्यांपैकी कुणी बोललं नाही आणि प्रत्येकीने मला ते कळू दिलं.

हे मी बहिणीला सांगितलं नाही. सांगणार काय, की आता मी तयार आहे आणि आता जागा नाही?

नाटक डिसेंबरच्या मध्यावर होतं. मुलीने आत्याला परस्पर बोलावलं होतं आणि आत्याने येते म्हणून सांगितलं होतं. नवव्या महिन्यात. मी फोन करून म्हणालो, अगं कशाला, एवढा प्रवास, दोन गाड्या बदलून. ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारलंय, हिंडती-फिरती राहा म्हणालेत. आणि मी नाटकाला येतेय, राहायला नाही. घाबरू नकोस."

मी स्टेशनवर घ्यायला गेलो. ती फलाटावरून वर आली ती एका हाताने कमरेला आधार देत, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीला तो गुलाबी बिल्ला लटकत होता, पोटात बाळ आहे असं चित्रासकट सांगणारा.

"बसायला मिळालं का?" मी विचारलं.

"अकिहाबाराला गाडी बदलून चढले तर सगळे डोळे मिटून बसलेले. झोपलेल्या माणसाला बिल्ला दिसत नाही ना. अर्ध्या वाटेवर एक शाळेतली पोरगी उठली. बिचारी लाजून दुसऱ्या डब्यात निघून गेली." तिने माझ्याकडे पिशवी दिली. "जड आहे, सांभाळ. वहिनीला अळीव आणलेत. तिकडच्या दुकानात मिळतात."

बाळंत व्हायची होती ती, आणि अळीव आमच्याकडे आणत होती.

टॅक्सीत तिने कोटाचं बटण काढून पोटावरचा पांढरा पट्टा दाखवला. पाचव्या महिन्यात तिच्या ऑफिसातल्या बायकांनी तिला एका देवळात नेलं होतं. कुत्रीला बाळंतपण सोपं जातं, म्हणून जपानी पंचांगातल्या श्वानाच्या दिवशी हा पट्टा मंतरून बांधतात. एरवी मी यावर थोडं बोललो असतो. "उबदार असेल," एवढंच म्हणालो. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुला बरं नाहीये का?"

हॉलमध्ये सगळ्या खुर्च्या बुटक्याच. एन्चो-सेन्सेईंनी बहिणीला लांबून पाहिलं आणि आतून स्वतःची ऑफिसातली खुर्ची ढकलत आणली, वर उशी, गुडघ्यांवर पांघरूण. नाटक सुरू झालं. देवदूतांचे पंख व्यवस्थित होते. नवरा-बायको झालेली दोन मुलं हात धरून आली. बायकोच्या पोटाला उशी बांधली होती आणि ती सरकत होती. पहिलं दार. टक टक. माझी मुलगी डोक्याला फडकं बांधून बाहेर आली, प्रेक्षकांत आत्या दिसल्यावर तिचा चेहरा उजळला, आणि तिने ते वाक्य असं म्हटलं की मागच्या भिंतीपर्यंत पोचलं. ओहेया वा आरिमासेन. हात, मान, सगळं जागच्या जागी. लोकांनी कौतुकाने मंद हसून दाद दिली. बहिणीने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो, पण बूट बाहेर काढून ठेवले होते, म्हणून मोज्यांकडे.

नाटक संपल्यावर चहा होता. एन्चो-सेन्सेई बहिणीपाशी आल्या, वाकल्या, आणि तिच्या पोटाकडे पाहून अगदी साध्या सुरात विचारलं, "सातोगाएरी का?"

माझ्या हातात कागदी कप होता. बायको माझ्याकडे पाहत नव्हती, ते मला न पाहता कळलं.

"हाय," बहीण म्हणाली. हो.

"किती छान. भाऊ जवळ असणं किती सुदैव." एन्चो-सेन्सेई माझ्याकडे वळल्या. "त्या दिवशी तुम्ही बोललात तेव्हा मला कळलं नव्हतं. घरचाच विषय होता तर." पंख शिवणाऱ्या आयांपैकी दोघी-तिघी शेजारी होत्या, त्याही वाकल्या. एकीने विचारलं, खोली तयार झाली का.

"हाय," मी म्हणालो.

घरापर्यंत आम्ही चालत गेलो, तिला चालायचं होतं. बायको आणि मुलगी पुढे. मुलगी अजून डोक्याचं फडकं काढत नव्हती.

"तू हो का म्हणालीस?" मी विचारलं.

"मग काय म्हणू? भावाने बघू म्हटलं, याला जपानीत काय म्हणतात ते मला येत नाही." ती जरा थांबली, श्वास घेतला. "आणि त्या म्हातारीने स्वतःची खुर्ची दिली रे. तिला नाही कसं म्हणायचं."

मग मी सांगितलं. दवाखान्यांना फोन केले, उशीर झाला, कुणी घेत नाही, माझी चूक. माफीचं भाषण मी स्टेशनवर येतानाच तयार केलं होतं, त्याला तीन भाग होते. पहिल्या भागानंतरच ती म्हणाली, "पुढचं असू दे."

"बाळंतपण तिकडेच होऊ दे," मी म्हणालो. "पण दवाखान्यातून थेट इकडे ये. सव्वा महिना. मी खोली रिकामी करतो."



"बघू," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी बायको तिला ओजिमापर्यंत सोडून आली. मी खोलीचं दार उघडून उभा राहिलो. मला वाटलं होतं त्यापेक्षा काम सोपं होतं, हीच त्यात वाईट गोष्ट होती. निम्मी पुस्तकं संस्थेत गेली, जिथे ती ठेवायला मला पहिल्यापासून कपाट दिलेलं होतं. जुनी नियतकालिकं दोरीने बांधून कागदाच्या कचऱ्याच्या दिवशी बाहेर ठेवली. भिंतीची ओल म्हणजे कपाटामागचा एक डाग होता, तो ओल्या फडक्याने गेला. मी दोन रविवार वेळ काढून ठेवला होता, दुसऱ्या रविवारी करायला काही उरलं नाही. खोली रिकामी झाली आणि बहिणीचा फोन येईना. आईला फोन केला तर ती अलिबागहून म्हणाली, "माझ्याशी बोलते रोज. तुझं नाव काढत नाही. कौतुक करत नाही आणि तक्रारही करत नाही." आईच्या दृष्टीने हे वाईट लक्षण होतं. मग तिने माझ्याकडून पुढच्या सूचना लिहून घ्यायला सुरुवात केली आणि मी लिहीत गेलो. डिंक, शेगडीऐवजी शेकायची पिशवी, वेखंड, आणि घरात पाऊल टाकण्याआधी दोघींची मीठ-मोहरीने दृष्ट काढायची.

"दोघींची?" मी विचारलं. "मुलगीच कशावरून?"

"मला माहितेय," आई म्हणाली.

मुलगीच झाली. जानेवारीत, तोक्योच्या दवाखान्यात, सकाळी, सगळं सुरळीत. बातमी मेहुण्यांनी कळवली. आम्ही दोघं भेटायला जाणार तोच बहिणीचा फोन आला, आवाज दमलेला.

"दादा, बघितलं मी."

"काय?"

"बघू म्हणाले होते ना. बघितलं. शनिवारी सोडतायत. घ्यायला ये. आणि गाडी आण, मी आता तुझ्या त्या ट्रेनमध्ये झोपलेल्या लोकांसमोर उभी राहणार नाही."

गाडी शेजाऱ्याची मागून आणली. शनिवारी दारात मी वाटीत मीठ-मोहरी घेऊन उभा राहिलो. जुन्या काळचे ज्यू मीठ बाळाला चोळत, आम्ही ते ओवाळून टाकतो, जपानी अंत्यविधीहून परतल्यावर अंगावर शिंपडतात. यावर माझ्याकडे बोलण्यासारखं बरंच होतं. मी मुकाट्याने ओवाळलं. पुढचा प्रश्न मात्र खरा होता. ओवाळलेलं मीठ गावाकडे चुलीत टाकतात, इथे ते जळणाऱ्या कचऱ्यात जातं की न जळणाऱ्या? माझ्या मुलीने क्षणाचाही विचार न करता जपानीत सांगितलं की जळणाऱ्या. शिकवलंय तिला बालवाडीत. आणि मग कुणी वाक्य दिलेलं नसताना दार पूर्ण उघडून धरलं, कारण आत्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.

टेबलावर परात होती. तोक्योतल्या हिगाशी-कसाई भागातल्या भारतीय दुकानातून जाडे पोहे आणले होते, खोबरं गोठवलेलं, फळं सफरचंद आणि मिकान, म्हणजे इथली छोटी संत्री. काकूंच्या मलिद्याची सर येणार नव्हती, आणि डोहाळ्यांची वेळही निघून गेली होती. बहिणीने एक घास खाल्ला, वेलची कमी पडल्याचं सांगितलं आणि बशी संपवली. मग माझीही.

राहता राहिली खोली. बायकोने गादी घातली, पांघरुणं ठेवली, बहीण बाळाला घेऊन आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"दादा, इथे फार गार आहे."

खरंच होतं. उत्तरेची खोली, एसी नाही, हीटर नाही. ऑगस्टमध्ये मी जे जे सांगितलं होतं त्यातलं हे उरलं होतं आणि पुस्तकं हलवून ते जाणार नव्हतं. गादी हॉलमध्ये आली, जिथे एसी आहे; इथले एसी थंडीत गरम हवा सोडतात. बहीण आणि बाळ तिथे, बायको आणि मुलगी आमच्या खोलीत, कारण मुलगी आत्याच्या भिंतीला लागून झोपणार म्हणून हटून बसली आणि तिने माझी जागा घेतली. उरलो मी, आणि उरली ती खोली.

सकाळी मी कोट घालूनच चहाला आलो. बहीण बाळाला मांडीवर घेऊन पाय पसरून बसली होती.

"वाजली ना थंडी?"

"नाही, तशी नाही."

"वाजते," ती म्हणाली. "खिडकीच्या खालून वारा येतो. उशी कपाटाकडे करायची, खिडकीकडे नाही. आणि एकावर एक दोन मोजे."

पाच वर्षांपूर्वीच्या त्या फेब्रुवारीत ती महिनाभर तिथे झोपली होती आणि थंडीचा शब्दही तिने काढला नव्हता. तिने तेव्हा काही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार करत मी चहा घेतला. बघू म्हणालो असतो.

दुपारी मी छोटा विजेचा हीटर आणला. तो स्टेशनजवळच्या दुकानात मिळतो आणि सायकलच्या पुढच्या टोपलीत मावतो.